कापसात लपवलेली सुटकेस

मित्रांनो, जरा कपाटावर बघा. ती जांभळी, चाकांची बॅग दिसते ना? तिच्याकडे नाही हो, सगळे तिच्याकडेच बघतात. तिच्या मागं, भिंतीला टेकून, झाकण अर्धवट उघडं टाकून एक कथ्थई रंगाची जुनी सुटकेस बसली आहे. ती मी. मला चाकं नाहीत, माझी कुलपं तुटली आहेत आणि स्वभावानं मी जरा चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. एकटं राहून राहून माणूससुद्धा चिडका होतो, मग मी तर सुटकेस!

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. गरम साच्यातून बाहेर काढल्यावर मला आतून निळं अस्तर लावलं, एक कप्पा शिवला, दोन बाजूंना दोन खटके बसवले आणि दांडीला दोऱ्यानं एक इवलीशी किल्ली बांधली. मग यवतमाळच्या एका दुकानात मी काचेमागं उभी राहिले. एक दिवस उमरखेडहून एक बाई आल्या. लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी माझे खटके पुन्हा पुन्हा लावून पाहिले. खट! खट! मग शेजारी उभ्या असलेल्या लेकीला म्हणाल्या, "हीच घेऊ, दीपा. आवाज कसा दमदार आहे बघ." त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली, ती बरीच वर्षं ताठच राहिली.

उमरखेडच्या विहारात दीपाचं लग्न लागलं आणि जीपच्या टपावर बसून मी तिच्याबरोबर सासरी आले. सासर नेरजवळच्या एका खेड्यात. नवरा राजदीप, घरची शेती, आणि घरात सासू मथुराबाई. दुसऱ्याच दिवशी आळीतल्या बाया नवरीची सुटकेस बघायला जमल्या. आमच्याकडे नवरी नंतर बघतात, तिची सुटकेस आधी! एकेक साडी बाहेर निघाली, हातोहात फिरली. एक म्हातारी माझ्या अस्तरावर हात फिरवून म्हणाली, "अवो माय, काय गुळगुळीत हाय!" मी अशी फुगले म्हणता!

नंतरची वर्षं धावपळीची गेली. दीपा बाळंतपणाला माहेरी गेली ती मला घेऊन. परत आलो तेव्हा माझ्या पोटात लंगोट आणि टोपडी होती, आणि तिच्या मांडीवर नयन होता. एसटीला ही गर्दी! बसायला जागा नव्हती, तेव्हा दीपा माझ्यावर बसली आणि पदराआड तिनं नयनला पाजलं. पुढं निशिगंधा झाली, तेव्हाही मीच गेले. मित्रांनो, ती दोन्ही लेकरं मी घरी आणली असंच मी समजते. कुणी हसलं तर हसू द्या.

मग ही जांभळी आली. राजदीपनं नेरहून आणली. चार चाकं, लांबणारा दांडा, अंगानं हलकी. पोरं तिच्यावर बसून अंगणात गाडी गाडी खेळायला लागली. माझ्यात जुनी पांघरुणं भरली आणि मला कपाटावर चढवलं. धूळ बसली. एका पालीनं माझ्या दांडीखाली अंडी घातली. मी काय बोलणार! वरून घर बघत राहिले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सुरू झाली एका भांडणानं.

नागपूरच्या अलीकडे एक मोठं पार्क आहे. आभाळात फिरणारे पाळणे, पाण्याच्या उंच घसरगुंड्या, दिवसभर खेळलं तरी संपत नाही म्हणतात. नयनच्या वर्गातला एक मुलगा जाऊन आला आणि नयननं घरी तोच ध्यास घेतला. राजदीप म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीत नेतो. पण दिवाळीत कापूस फुटतो. वेचायला बाया मिळत नव्हत्या, आभाळ आलं होतं, आणि राजदीप रोज म्हणायचा, "उद्या." नयन बिचारा चड्डी आणि टॉवेल पिशवीत भरून तयारच बसायचा. सुट्टी संपून शाळा सुरू झाली तरी तेच चाललं, आणि एका संध्याकाळी दीपाचा धीर सुटला.

"लेकरू रोज पिशवी भरून बसते, अन् तुमचा उद्या काही येत नाई," ती म्हणाली.

"पार्क का पळून चाललं? कापूस भिजला तं काय खासान?" राजदीप म्हणाला.

आवाज चढत गेले. गोष्ट पार्कावरून सुरू झाली ती तिच्या माहेरावर गेली, मग त्याच्या आईवर आली. नयन दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला वरून दिसत होता, पण मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेल्यावर दीपानं कपाटावरून मला ओढलं. जांभळी समोर होती तरी तिनं मलाच घेतलं. रागावलेली बाई आपल्या माहेरची वस्तू उचलते. पांघरुणं खाली फेकली, साड्या कोंबल्या, निशिगंधाची फ्रॉकं टाकली, आणि लेकीला कडेवर घेऊन ती उमरखेडच्या बसमध्ये बसली. नयनची शाळा होती म्हणून तो मागं राहिला. तिकडं माहेरी ती मला टेकून बसायची आणि डोळे पुसायची. पंधरवड्यानं राग उतरला, राजदीप न्यायला आला, आम्ही परत आलो.

अंगणात उतरलो तर नयन आईकडे धावला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग पुढं आला आणि त्यानं मला एक लाथ मारली. मला वाटलं, पोरगं आहे, मस्ती करतंय.

त्यानंतर एक नवलच सुरू झालं. नयन शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी कपाटाकडे बघायचा. रोज! मी दिसले की त्याचा चेहरा सैल व्हायचा, मग दप्तर खाली पडायचं. मित्रांनो, तुम्हाला काय सांगू, मला किती आनंद व्हायचा! मला वाटायचं, या पोराला माझा लळा लागला. जांभळीकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. मी त्याची शाळा सुटण्याची वाट बघायला लागले.

वर्ष गेलं. जानेवारी लागला. आमच्याकडे कापूस घरातच ठेवतात. समोरची खोली छताला लागेपर्यंत पांढरी झाली होती, आणि पाहुण्यांना ओसरीत बसावं लागत होतं. सव्वीस जानेवारीला लागून सुट्ट्या आल्या होत्या. आदल्या दिवशी दुपारी, नयन शाळेत आणि निशिगंधा अंगणवाडीत असताना, राजदीप आणि दीपा कपाटासमोर येऊन उभे राहिले. दोघंही हसत होते. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं पाहिलं.

"पोट्ट्याईले सांगाचंच नाई," राजदीप म्हणाला. "झेंडावंदन झालं का त्या उकंडा डायवरची भाड्याची गाडी दारात. एकदम पार्काच्या गेटवर गेल्यावरच समजलं पायजे त्याईले."

"पण बॅग काढली का त्याईले समजीनच," दीपा म्हणाली. "त्या जांभळ्या बॅगमंदी तं त्याईचे खेळणे हायेत."

राजदीपनं वर पाहिलं. "मंग हे जुनी घे. इच्याकडे कोण पाह्यते?"

वाक्य टोचलं, पण मी ते गिळलं. कारण मी निघाले होते! आणि कुठं, तर पार्कात! आजवर मी बाळंतपणाला गेले, दवाखान्यात गेले, रुसून माहेरी गेले. निव्वळ मजेला कधी गेले नव्हते. तिथल्या हॉटेलच्या खोलीत एका कोपऱ्यात बसेन, ओल्या अंगानं पोरं आत येतील, माझ्यातून कोरडे कपडे काढतील, आणि मला बघून हसतील. एवढंच मागणं होतं माझं.

दीपानं माझी धूळ पुसली. सगळ्यात खाली नयनचे कपडे ठेवले आणि त्यांवर नवी निळी पोहायची चड्डी, तिचा कागदी टॅगही तसाच होता. त्यावर राजदीपचे शर्ट, मग तिच्या दोन साड्या, आणि वर निशिगंधाची फ्रॉकं. खट! खट! मग दोघांनी मला उचलून समोरच्या खोलीत नेलं आणि कापसाच्या ढिगात पुरलं. मथुराबाई दारात राखणीला उभ्या होत्या. घर आणि म्हैस सांभाळायला त्या मागं राहणार होत्या. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही, म्हणून दीपा म्हणाली, "पोरं आले का तोंडात सुपारी धरून ठेवजा." आणि त्यांनी खरंच धरली.

कापसात ऊब असते. मी आत डोळे मिटून पडले होते म्हणा ना. नयनच्या शाळेची सुट्टी झाली, अंगणात त्याची पावलं वाजली. तो घरात गेला. नेहमीप्रमाणे मी दप्तर पडण्याची वाट पाहिली.

दप्तर पडलं नाही.

आणि तेव्हा, मित्रांनो, माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अगं बाई! तो रोज मला बघत नव्हता. मी कपाटावर असले की आई घरात आहे, एवढंच तो बघत होता. मोठी माणसं म्हणाली, इच्याकडे कोण पाह्यते. सगळ्या घरात एकच जण बघत होता, तोही रोज, आणि नेमकी आज ती जागा रिकामी होती.

दीपा मागच्या अंगणात कपडे धूत होती. निशिगंधा तिच्याजवळ होती. नयननं पलंगाखाली पाहिलं, माळ्याकडे पाहिलं, दारामागं पाहिलं. मग समोरच्या खोलीत आला. दोघांनी ढीग नीट लावलेला नव्हता, एका जागी खड्डा पडला होता. त्यानं दोन्ही हातांनी कापूस उपसला आणि मी सापडले.  त्यानं माझे खटके उघडले. वर निशीची फ्रॉकं. खाली आईच्या साड्या. मागच्या वेळेला होतं अगदी तसंच.

अरे राजा, अजून खाली हात घाल! तुझी निळी चड्डी आहे तिथं, टॅगसकट आहे! मला ओरडायचं होतं. पण आम्हाला देवानं पोट दिलं, तोंड दिलं नाही. त्यानं खाली हात घातलाच नाही. झाकण पाडलं, दांडीची किल्ली फिरवून दोन्ही कुलपं लावली, दोरा दातानं तोडला आणि किल्ली कापसात लांब भिरकावली. मग माझ्यावर कापूस लोटला आणि वर चढून बसला.

संध्याकाळपर्यंत तो उतरला नाही. मथुराबाई येऊन म्हणाल्या, "अरे पोट्ट्या, कापूस तुडवू नोको, अंगाले खाज सुटीन." तो हललाच नाही. जेवायलाही आला नाही. दीपा आणि राजदीप दारातून बघून एकमेकांना डोळे मिचकावत होते. त्यांना वाटलं, पोराला सुगावा लागला वाटतं, म्हणून आनंदानं बॅगेवर ठाण मांडून बसलाय. आनंदानं! तो माझ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याचं अंग हलत होतं ते मला कळत होतं. शेवटी तिथंच त्याचा डोळा लागला आणि राजदीपनं त्याला उचलून आत नेलं.

सकाळी शाळेचा गणवेश घालूनही नयन झेंडावंदनाला गेला नाही. पोट दुखतं म्हणाला आणि आईचा पदर धरून घरभर तिच्या मागं फिरला. उन्हं अंगणात आली तशी उकंडाची गाडी दारात येऊन वाजली. राजदीप शीळ घालत आला, त्यानं कापूस उपसून मला बाहेर ओढलं.

"अवं, हे तं बंद हाय. किल्ली कुठी ठेवली?"

"काल तं दांडीलेच होती," दीपा म्हणाली. मग तिनं नयनकडे पाहिलं. "नयन, तू घेतली का रे? दे ना राजा. आपल्याले जायचं हाय."

"कुठी जायचं हाय ते सांगत नाई!" राजदीप मजेत म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत.

नयनचा बांध फुटला. त्यानं धावत येऊन मला मिठी मारली. मला म्हणजे, मी जाऊ नये म्हणून. "आई, तू नोको जाऊ! मले पार्क नोको! मी आता कधीच नाई म्हणत पार्कात चला. मी कायीच मांगत नाई. तू जाऊ नोको ना!"

उकंडानं गाडीचं इंजिन बंद केलं.  मथुराबाईंच्या तोंडातली सुपारी खाली पडली. राजदीप होता तिथंच कापसावर बसला, आणि दीपा नयनसमोर खाली वाकली.

"अरे, आपण पार्कातच जाऊन राह्यलो," ती कशीबशी म्हणाली. "सगळेच. तू बी. तुयासाठीच तं लपवून ठेवलं होतं."

"खोटं," नयन म्हणाला. "मंग माह्ये कपडे काहून नाई यात?"

"हायेत ना."

"नाईत. म्या पाह्यलं."

दीपानं राजदीपकडे पाहिलं. किल्ली शोधायची म्हणजे खोलीभर कापूस चिवडायचा, आणि तोवर त्या पोराला तसंच ठेवायचं. राजदीप उठला, घरातून पेचकस घेऊन आला. त्यानं तो माझ्या उजव्या कुलपात घातला आणि जोर लावला. मग डाव्या. मित्रांनो, दुखलं. का नाही दुखणार? दुकानात ज्या खटक्यांचं कौतुक झालं होतं ते तुटून फरशीवर पडले. पण खरं सांगू, मी मनात म्हणत होते, लवकर कर रे बाबा, लवकर तोड.

फ्रॉकं बाजूला झाली, साड्या बाजूला झाल्या, शर्ट बाजूला झाले. खाली निळी चड्डी निघाली. राजदीपनं ती नयनच्या हातात दिली. नयननं तिच्यावरचा टॅग पाहिला, ती अंगाला लावून पाहिली, मग आईकडे पाहिलं. तरी त्यानं एकदा विचारलंच, "तू बी येशील?"

"येईन ना बाळा. मी कुठीच नाई जाऊन राह्यली तुले सोडून," दीपा म्हणाली, आणि त्याला कुशीत घेऊन रडली. ते बघून निशिगंधानं भोकाड पसरलं, तिला काही कळलं नव्हतं तरी. पार्काचं गुपित फुटलं ते असं, सगळ्यांच्या रडण्यात. गेटवर जाऊन चकित करायचं राहूनच गेलं.

गाडी थांबलेली होती. कुलपं तुटलेली सुटकेस कोण नेणार? जांभळीतली खेळणी जमिनीवर ओतली, माझ्यातले कपडे तिच्यात भरले. नयननं निळी चड्डी बॅगेत ठेवू दिली नाही, हातातच धरली. गाडी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत मथुराबाई दारात उभ्या होत्या.

मी कापसावर झाकण उघडं टाकून पडले होते. आपण जाणार, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की गाडी गेल्यावरही थोडा वेळ मला वाटत राहिलं, कुणीतरी परत येईल, म्हणेल, अरे, हिला विसरलो. कुणी आलं नाही. मथुराबाई माझ्याजवळ येऊन टेकल्या. माझ्या अस्तरात कापूस उडून बसला होता, तो वेचत म्हणाल्या, "तू बी राह्यली अन् मी बी राह्यली, बाई." त्यांना पाळण्यात बसायचं होतं की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला तरी कुठं विचारलं होतं!

सगळी मंडळी उन्हानं रापून, हसत परत आली. कुठला पाळणा किती उंच होता, निशी घसरगुंडीवर कशी किंचाळली, पप्पांची चप्पल पाण्यात कशी वाहून गेली, हे मी ओसरीतून येणाऱ्या आवाजांतून ऐकलं. पार्क मी एवढंच पाहिलं.

पुढं कापूस विकला. खोली रिकामी झाली, आणि झाडताना मथुराबाईंना किल्ली सापडली. ती नयननं मागून घेतली. मी कोपऱ्यात होते, भंगारवाल्याची वाट बघत. नयन माझ्यासमोर बसला. ज्या भोकात कुलूप नव्हतं, त्यात त्यानं किल्ली घालून फिरवली. झाकण लावलं, सोडलं. ते पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"आई, हे आता बंदच होत नाई का?"

"नाई रे. तुटली ना ते."

"मंग हे घेऊन तुले कुठी जाता येत नाई?"

दीपा हातातलं काम टाकून त्याच्याजवळ आली. "नाई येत," ती म्हणाली.

नयननं माझ्या झाकणावर हात ठेवला. ज्या पोरानं लाथ मारली होती, त्याच पोराचा हात. "मंग इले भंगारात नोको देऊ," तो म्हणाला. "वरच ठेवू."

म्हणून मी इथं आहे, मित्रांनो. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. धूळ पुसा, चाकं नसली म्हणून हिणवू नका, हे मी म्हणू शकते, आणि पुसलीत तर बरंच वाटेल. पण माझं मागणं तुमच्या आईबाबांकडे आहे, त्यांना हे वाचून दाखवा. तुम्ही भांडणं लेकरांच्या समोर करता आणि आनंद तेवढा लपवून ठेवता. हे उलटं करून बघा. आणि तुम्ही पोरांनो, भीती वाटली तर ती आत गाडून बसू नका, विचारा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.

आज दुपारी नयन शाळेतून आला. मी सवयीनं वाट बघितली. दप्तर धाडकन पडलं, "आई, भूक लागली!" अशी हाक घुमली, आणि तो सरळ स्वयंपाकघरात पळाला. हल्ली तो असाच येतो. वर बघत नाही. पहिल्यांदा मला फार वाईट वाटलं, मग मी मनाला समजावलं. त्यानं माझ्याकडे न बघणं, यातच सगळं आलं.